थेट कार्यक्रम अडकला, तर दोष नेमका कुठे?



बैठकीत बचतीचा आणि परतफेडीचा हिशोब आटोपला की आजकाल एक विषय हमखास निघतो. "टीव्हीला नेट जोडलंय, पण बघायला बसलं की गोल चाकच फिरत राहतं." कुणाकडे मॅच अडकते, कुणाकडे गणपतीची आरती, कुणाकडे संध्याकाळच्या बातम्या. मग मुलगा कामावरून येईपर्यंत टीव्ही बंद राहतो, नाहीतर दुरुस्तीवाल्याला बोलावून दोन-तीनशे रुपये जातात, नाहीतर "हा टीव्हीच जुना झाला" म्हणून नवीन घ्यायचं ठरतं. टीव्हीसाठी गटातून अंतर्गत कर्ज घेऊ का, असंही काही जणींनी विचारलं.

म्हणून या अंकातला पाठ यावर आहे. यात काही उघडायचं नाही, विकत घ्यायचं नाही. दोष कुठे आहे तो शोधायला शिकायचं. दोष कळल्याशिवाय पैसा बाहेर काढायचा नाही, एवढीच या पाठाची शिस्त.

१. थेट कार्यक्रमच का अडकतो?

अनेक जणी विचारतात, "यूट्यूबवर रेसिपी नीट चालते, मग मॅचच का अडकते?" प्रश्न अगदी बरोबर आहे.

आपल्याकडे नळाला ठरावीक वेळ पाणी येतं, म्हणून आपण पिंप भरून ठेवतो. नंतर नळ गेला तरी स्वयंपाक थांबत नाही. आधी तयार केलेला व्हिडिओ असाच चालतो. आपण पहिला मिनिट बघत असतो तेव्हा फोन पुढचा भाग गुपचूप भरून ठेवत असतो. मधे नेट थोडा वेळ गेलं तरी आपल्याला कळत नाही.

थेट कार्यक्रमात तसं होत नाही. पुढचा चेंडू अजून टाकलेलाच नाही, तर आधी भरून काय ठेवणार? तिथे पिंप नाही, फक्त एक तांब्या भरलेला असतो, म्हणजे काही सेकंदांचं चित्र. नेट तेवढ्यापेक्षा जास्त वेळ अडखळलं की तांब्या रिकामा होतो आणि चाक फिरायला लागतं. म्हणून रेसिपी चालते म्हणजे नेट उत्तम आहे, असं समजू नका.

याच कारणाने नेटवरचं थेट चित्र केबल किंवा डिशच्या थोडं मागे असतं. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या रात्री तुमच्या चाळीत फटाके आधी वाजले असतील आणि शेवटची विकेट तुमच्या टीव्हीवर नंतर दिसली असेल, तर तो बिघाड नव्हता. शेजारी केबलवर बघत होते आणि तुम्ही नेटवर, इतकंच.

२. चित्राचा रस्ता : चार टप्पे

कार्यक्रम आपल्या डोळ्यांपर्यंत चार टप्प्यांतून येतो.

पहिला टप्पा, पाठवणारा : वाहिनी आणि तिचं अ‍ॅप.
दुसरा टप्पा, लाइन : घरापर्यंत येणारी फायबरची वायर, किंवा मोबाईलचा टॉवर.
तिसरा टप्पा, घरातलं वाय-फाय : राउटर, म्हणजे तो दिवे लुकलुकणारा डबा, आणि तिथून टीव्हीपर्यंतची हवा.
चौथा टप्पा, टीव्ही : टीव्ही किंवा त्याला मागे लावलेली स्टिक.

चाक चारही वेळा सारखंच फिरतं. चाक बघून दोष कळत नाही, त्यासाठी चाचणी करावी लागते.

३. पाच मिनिटांच्या तीन चाचण्या

*पहिली चाचणी : दुसरं काहीतरी लावा.*
त्याच टीव्हीवर दुसऱ्या अ‍ॅपमध्ये दुसरा थेट कार्यक्रम लावा, एखादी बातम्यांची वाहिनी चालेल. तो नीट चालला आणि फक्त आपली मॅच अडकत असेल, तर दोष बहुतेक पहिल्या टप्प्यात आहे. मोठ्या सामन्याला एकाच वेळी फार लोक येतात तेव्हा अ‍ॅपही दमतं. अशा वेळी राउटरला हात लावू नका. अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा, चित्राचा दर्जा कमी करा, थोडं थांबा.

*दुसरी चाचणी : फोन घेऊन घरात फिरा.*
फोनचा मोबाईल डेटा बंद करा आणि घरचं वाय-फाय चालू ठेवा. आधी राउटरपासून दोन हातांवर उभं राहून तोच थेट कार्यक्रम दोन मिनिटं बघा. मग टीव्हीशेजारी जाऊन दोन मिनिटं बघा.
- राउटरजवळही अडकतो : दोष दुसऱ्या टप्प्यात, लाइनचा. क्वचित राउटरचा.
- राउटरजवळ चालतो, टीव्हीजवळ अडकतो : दोष तिसऱ्या टप्प्यात, वाय-फाय तिथपर्यंत पोचत नाही.
- दोन्हीकडे फोनवर चालतो, फक्त टीव्हीवर अडकतो : दोष चौथ्या टप्प्यात.

*तिसरी चाचणी : टीव्हीला फोनचं नेट द्या.*
आता वाय-फाय बंद करून मोबाईल डेटा चालू करा, हॉटस्पॉट लावा आणि टीव्ही त्या हॉटस्पॉटला जोडा. कार्यक्रम सुरळीत चालला तर टीव्ही ठणठणीत आहे. ही चाचणी पाचच मिनिटं करा, नाहीतर दिवसाचा डेटा त्यातच संपेल. हॉटस्पॉट आठवणीने बंद करा.

घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर राहणाऱ्या एका ताईंनी नवीन टीव्हीसाठी कर्जाचा अर्ज आणला होता. तिसऱ्या चाचणीत त्यांच्या टीव्हीवर चित्र एकदाही अडकलं नाही. मग राउटर शोधला, तर तो पोटमाळ्यावर लोखंडी पेटीच्या मागे होता. डबा खाली आणून भिंतीवर लावला. अर्ज त्यांनी स्वतःच परत घेतला.

४. दोष सापडला, आता उपाय

*लाइनचा दोष (दुसरा टप्पा)*

राउटर किंवा फायबरच्या डब्यावर इंग्रजीत एल-ओ-एस अशी तीन अक्षरं असलेला एक छोटा दिवा असतो. तो लाल लागला किंवा लाल लुकलुकला, तर फायबरमधून प्रकाश घरापर्यंत येत नाहीये. वायर कुठेतरी तुटली आहे, निसटली आहे किंवा फार वाकली आहे. रस्ता खणला, गटाराचं काम निघालं की हे होतं. कधी घरातच कपाट सरकवताना वायर दुमडली जाते. फायबर म्हणजे काचेचा बारीक तंतू, तो विजेच्या वायरसारखा घडी घालून खिळ्याला टांगायचा नाही. दुमडलेली वायर हलक्या हाताने मोकळी करून बघा. तरी दिवा लालच असेल तर राउटर दहादा बंद-चालू करून उपयोग नाही. सरळ तक्रार नोंदवा.

दिवा लाल नसेल, तर राउटरचा प्लग काढा, एक मिनिट थांबा, पुन्हा लावा. तो पूर्ण सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढा धीर धरा.

नेट सिम कार्डवरचं असेल, तर जागेला फार महत्त्व आहे. आरेतले पाडे, मुलुंडला डोंगराच्या पायथ्याची वस्ती, गोराई-मनोरीची गावं, अशा ठिकाणी टेकडी किंवा दाट झाडं टॉवरच्या आड येतात. सिमचा डबा किंवा हॉटस्पॉटचा फोन खिडकीत ठेवून बघा. पत्र्याच्या घरात हा फरक जास्त जाणवतो, कारण पत्रा सिग्नल अडवतो.

*वाय-फायचा दोष (तिसरा टप्पा)*

राउटर उंचावर, मोकळ्या जागी, घराच्या मध्याजवळ ठेवा. कपाटाच्या मागे, टीव्हीच्या मागे, फ्रिजशेजारी किंवा जमिनीवर नको. लोखंड, आरसा आणि पाण्याचं पिंप वाय-फायला अडवतात.

अनेक राउटर दोन नावांनी वाय-फाय देतात आणि एका नावाच्या शेवटी '५जी' लिहिलेलं असतं. हे मोबाईलचं फाइव्ह-जी नव्हे. या दुसऱ्या वाय-फायचा वेग जास्त असतो, पण ते भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतं. साधं वाय-फाय लांब पोचतं, पण चाळीत प्रत्येक घराचा राउटर त्याच वाटेवर गर्दी करतो. टीव्ही राउटरच्याच खोलीत असेल तर '५जी'वालं नाव निवडा, भिंतीपलीकडे असेल तर दोन्ही लावून बघा. टीव्ही राउटरशेजारीच असेल तर सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे लॅनची वायर थेट टीव्हीला जोडणं. मग हवेचा प्रश्नच उरत नाही.

आणि बघा, आपल्या वाय-फायवर एका वेळी किती फोन आहेत? मुलाचा गेम, सुनेचा व्हिडिओ कॉल, शेजारच्या दोन घरांना दिलेला पासवर्ड. एका नळावर सहा हंडे लावले तर प्रत्येकाला धार बारीकच मिळणार. मॅचच्या दोन तासांपुरते बाकीचे फोन वाय-फायवरून काढून बघा. फरक पडला तर कारण कळलं.

*टीव्हीचा दोष (चौथा टप्पा)*

रिमोटने बंद केलेला टीव्ही नुसता डुलकी घेत असतो. त्याचा प्लग काढून एक मिनिटाने लावा. मग क्रमाने हे करा :
- सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ बरोबर आहे का बघा. ती चुकली तर काही अ‍ॅप उघडतच नाहीत.
- अ‍ॅप अपडेट करा.
- न वापरलेले अ‍ॅप काढून जागा मोकळी करा.
- सेटिंग्ज, अ‍ॅप्स, मग ते अ‍ॅप, तिथे 'क्लिअर कॅशे' दाबा. शेजारचं 'क्लिअर डेटा' दाबू नका, नाहीतर पुन्हा लॉगिन करावं लागेल.
- स्टिक वापरत असाल तर तिला टीव्हीच्या यूएसबीमधून वीज देऊ नका, ती अनेकदा पुरत नाही. स्टिकसोबत आलेला अ‍ॅडाप्टर बोर्डात लावा.

५. दोष नाही, पॅक संपलाय : डेटाचा हिशोब

आपण व्याजाचा हिशोब करतो तसाच हा करायचा. वेग 'एमबीपीएस'मध्ये सांगतात आणि डेटा 'जीबी'मध्ये. वेगाला ८ ने भागलं की एका सेकंदाला किती एमबी डेटा जातो ते कळतं.

बऱ्यापैकी स्पष्ट चित्राला साधारण ३ एमबीपीएस वेग लागतो. ३ भागिले ८ म्हणजे ०.३७५ एमबी. तासाचे ३,६०० सेकंद. गुणाकार केला की १,३५० एमबी, म्हणजे तासाला जवळपास १.३५ जीबी. आता रोज १.५ जीबीच्या पॅकमध्ये काय होईल बघा :

- ३६० दर्जाचं चित्र (सुमारे ०.७ एमबीपीएस) : साडेचार तासांहून जास्त
- ४८० दर्जाचं चित्र (सुमारे १.१ एमबीपीएस) : जवळपास तीन तास
- ७२० दर्जाचं चित्र (सुमारे ३ एमबीपीएस) : तासाहून थोडं जास्त
- १०८० दर्जाचं चित्र (सुमारे ५ एमबीपीएस) : चाळीस मिनिटं

अ‍ॅपप्रमाणे आकडे थोडे पुढे-मागे होतील, पण अंदाज चुकणार नाही. पन्नास षटकांचा सामना सात तास चालतो. तो ७२० वर बघायचा तर साडेनऊ जीबीच्या आसपास डेटा लागेल. मग दीड जीबीत सामना मधेच अडकणारच. रोजचा डेटा संपल्यावर बऱ्याच पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. ३ एमबीपीएस म्हणजे ३,००० केबीपीएस, म्हणजे वेग सुमारे ४७ पट कमी झाला. फोनवर नेटची खूण दिसते, मेसेज रखडत का होईना जातो, पण थेट चित्र चालणार नाही. नवीन रिचार्ज मारण्याआधी चित्राचा दर्जा 'ऑटो'वरून ४८० किंवा ३६० करून बघा. फोनच्या छोट्या पडद्यावर फार फरक जाणवत नाही.

घरच्या 'अनलिमिटेड' लाइनलाही अनेकदा महिन्याची मर्यादा असते आणि ती ओलांडली की वेग उतरतो. महिनाअखेरीलाच अडकत असेल तर हे आधी तपासा. वेग मोजायला दूरसंचार नियामक ट्रायचं 'मायस्पीड' अ‍ॅप फुकट आहे. सकाळी एकदा, रात्री नऊला एकदा मोजा आणि वहीत लिहा. तक्रार करताना हे आकडे कामाला येतात.

६. तक्रार कशी करायची, आणि फसायचं कसं नाही

तक्रार कंपनीच्या अ‍ॅपवरून किंवा बिलावर छापलेल्या नंबरवर करा. मोबाईल नेटच्या तक्रारीसाठी १९८ हा नंबर आहे. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि वहीत तारखेसह लिहा. 'माणूस पाठवतो' हे तोंडी उत्तर पुरेसं नाही. तक्रार सुटली नाही तर त्याच क्रमांकावर ३० दिवसांच्या आत कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार घरच्या लाइनचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. पण तुम्ही तक्रार कधी केली हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून क्रमांक आणि तारीख.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टीव्ही अडकला म्हणून नेटवर 'कस्टमर केअर नंबर' शोधू नका. तिथे भामटे स्वतःचे नंबर टाकून ठेवतात. पलीकडून गोड आवाजात सांगतात, "मॅडम, एक अ‍ॅप टाका, मी इथून ठीक करतो." त्या अ‍ॅपमधून तुमच्या फोनचा पडदा त्यांना दिसतो, ओटीपीसुद्धा. मग "तक्रार नोंदवायला फक्त १० रुपये भरा" म्हणतात आणि खातं रिकामं होतं. काही तायांच्या फोनला गटाचं बँक खातंही जोडलेलं आहे, म्हणजे जाणारा पैसा एकटीचा नसेल.

तीन गोष्टी पाठ करा. ओटीपी आणि यूपीआय पिन कुणालाही सांगायचा नाही. कुणी सांगितलं म्हणून पडदा दाखवणारं अ‍ॅप टाकायचं नाही. 'मॅच फुकट बघा' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल उघडायची नाही. तरीही पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त.

७. नेटशिवायचा मार्गही ठेवा

प्रत्येक कार्यक्रम नेटवरच बघायला पाहिजे असं नाही. दूरदर्शनच्या 'डीडी फ्री डिश'ला महिन्याचं भाडं नसतं. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच होतो आणि सह्याद्री वाहिनीही त्यावर दिसते. हे चित्र उपग्रहातून येतं, त्यामुळे डेटा लागत नाही. जोराच्या पावसात मात्र सिग्नल जाऊ शकतो, तो पाऊस ओसरला की परत येतो. फोनवर बघायचं असेल तर प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात सुरू केलेल्या 'वेव्हज' अ‍ॅपवर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात. त्याला डेटा मात्र लागतो, हे विसरू नका.

८. गटात करायचा अभ्यास

पुढच्या बैठकीत हिशोब झाल्यावर वीस मिनिटं काढा.

१. प्रत्येकीने घरच्या नेटबद्दल चार गोष्टी एका कागदावर लिहून आणायच्या : ग्राहक क्रमांक, बिलावरचा तक्रार नंबर, पॅकचा वेग आणि तो संपण्याची तारीख, वाय-फायचं नाव. पासवर्ड घरच्या वहीत लिहा, बैठकीत आणू नका.

२. यातलं किती तुम्हाला स्वतःला माहीत होतं आणि किती घरात दुसऱ्या कुणाला विचारावं लागलं, ते मोजा. अनेक घरांत बिल ताईच्या कमाईतून जातं, पण पासवर्ड आणि ग्राहक क्रमांक फक्त मुलाच्या किंवा नवऱ्याच्या फोनमध्ये असतो. असं असेल तर तो आधी मागून घ्या.

३. ज्यांच्याकडे चित्र अडकतं अशा एका ताईंच्या घरी दोघी-तिघींनी जाऊन तिन्ही चाचण्या करा. दोष कोणत्या टप्प्यात निघाला ते इतिवृत्ताच्या वहीत नोंदवा.

४. नवीन टीव्ही, राउटर किंवा मोठा पॅक घेण्यासाठी कुणी कर्ज मागितलं, तर अर्जासोबत या तीन चाचण्यांचा निकाल मागायचा का? गटात चर्चा करून ठरवा.

चाचणी करताना कुठे अडलं तर महिन्याच्या ग्रामसंघ किंवा वस्तीस्तर बैठकीत मला विचारा. राउटरचा आणि त्यावरच्या दिव्यांचा फोटो काढून आणलात तर सांगायला सोपं जाईल. फोटोत राउटरखाली छापलेला पासवर्ड येणार नाही, एवढं मात्र बघा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक